मावशीचं अंथरूण

घोड्यांना खायला काय घालता, हे येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. झोपायला काय घालता, हे सत्तावीस वर्षांत मला फार तर तिघांनी विचारलं असेल, आणि त्यातला एक विमा कंपनीचा माणूस होता. लोकांना वाटतं, घोडा म्हणजे काय, टाकलं गवत की झालं. अहो, उभा राहूनच जगणारं जनावर ते. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता, मी त्याच्या पायाखाली बघते.

आमच्या तबेल्यात पाइनचा कीस घालतात. सुताराच्या रंध्यातून जो निघतो तो, हलका, पांढरट, कुरकुरीत. करवतीचा बारीक भुसा चालत नाही, धूळ छातीत जाते आणि घोडी खोकत बसतात. पॉलिश केलेल्या लाकडाचा नको, वाळवीचं औषध मारलेल्याचा नको, प्लायवूडचा तर बघायचाही नको. आणि काळा अक्रोड म्हणजे साक्षात विष. तो घोड्याने खावाही लागत नाही. त्याच्यावर रात्रभर उभं राहिलं की सकाळी पाय धरलेले असतात. खुराच्या आत सूज येते, आणि ती वेळेत उतरली नाही तर आतलं हाड जागा सोडून खाली सरकायला लागतं. पोत्यात पाव हिस्सा असला तरी पुरतो.

माझ्या आधी इथे घोडी सांभाळणारा जो म्हातारा मोतद्दार होता, तो प्रत्येक पोतं उन्हात पांढऱ्या चादरीवर ओतायचा आणि बसल्या बसल्या निवडायचा. पोत्याला वीस मिनिटं. मी तेव्हा नवी, लीद भरायला ठेवलेली. मला हसू यायचं. मी पोत्यात तोंड घालायचे, एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, यात सागवान आहे, यात डिंक आहे, हे भिजून बुरसलंय. म्हातारा निवडून बघायचा आणि दर वेळी माझंच खरं निघायचं. एकदा गवताच्या गंजीत आतून बुरशी धरलेली मी वासावरून पकडली आणि त्या दिवसापासून मला ‘नाकवाली बाई’ म्हणायला लागले. म्हातारा गेल्यावर तबेला माझ्या हातात आला. चादर मी घडी घालून खोगिरांच्या खोलीत फळीवर टाकली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता. नाकावर माशी बसू देत नसे मी. नवीन कामाला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ऐकवायचे, “रंग बघू नका, रंग फसवतो. पाइन ओलं झालं की काळं दिसतं आणि जुनं झालं की लाल. वास खोटं बोलत नाही.” ऐकणारे मनातल्या मनात म्हणत असतील, बाई नाकाने कांदे सोलतेय. म्हणू देत. बारा घोडी धडधाकट होती.

त्या बारांतली सगळ्यात म्हातारी घोडी म्हणजे मावशी. कागदावर तिचं नाव भलतंच लांबलचक होतं, पण मुलं तिला मावशी म्हणत आणि आम्हीही. करडी, पोट सुटलेली, खालचा ओठ लोंबणारा. गावातल्या निम्म्या मुलांनी पहिली मांड तिच्यावर ठोकली होती. पोर पाठीवरून घसरायला लागलं की ती जागच्या जागी थांबायची, मागे वळून बघायची, आणि पोर सावरलं की पुढे चालायची. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. मी तिच्या ठाणात, म्हणजे तिच्या खोलीतच, डबा खायचे. नवरा गेल्यावर सहा महिने मी घरात कुणाशी बोलले नाही, तिच्याशी बोलले.

गेल्या थंडीत मला ताप आला. आठ दिवसांनी कामावर गेले, पहाटे पहिल्या ठाणात शिरले आणि वाटलं, अरे वा, माझ्याआधी कुणीतरी येऊन सफाई करून गेलं. खाली बघितलं तर लीद होती, मूत होतं, सगळं रात्रीचं तसंच. वास तेवढा नव्हता. मी चामड्याच्या तेलाचा डबा उघडला. काही नाही. रॉकेल हुंगलं. काही नाही. डॉक्टरकडे गेले तर तो म्हणाला, येईल परत, काहींना येतो, काहींना नाही येत. असं सांगायला याला शिकावं लागलं होतं!

मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? अठ्ठावन्न वय, गुडघे दुखतात, अक्षर वाईट. नाक सोडलं तर माझ्यात असं काय होतं, जे दुसऱ्या कुणात नव्हतं? म्हटलं, येईल परत, तोवर दिवस काढू. कीस तर दादाकडूनच येतो.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्याचा सुतारकामाचा कारखाना आहे आणि कारखान्याच्या वर त्याचं घर, तिथल्याच एका खोलीत मी राहते. रंध्याच्या मशीनखाली तो पाइनसाठी वेगळं पोतं लावायचा. दुसरं कुठलंही लाकूड आलं की ते पोतं काढायचा, मशीन झाडायचा, दुसरं लावायचा. बारा वर्षांत त्याच्या पोत्यात एक काप इकडचा तिकडे झाला नव्हता. दादा बोलायला कमी. त्याची बायको म्हणते, यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते.

तापानंतर महिनाभराने एकदा मी गॅसवर दूध ठेवलं आणि गॅसकडे पाठ करून पेपर वाचत बसले. दादा धाडधाड जिना चढून आला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं काळं ठिक्कर, खोलीभर धूर. मी म्हणाले, “डोळा लागला होता रे.” हातात पेपर होता माझ्या. चष्माही डोळ्यांवर. दादा म्हणाला, “हं,” आणि पातेलं खाली घासायला घेऊन गेला. मला वाटलं, सुटले.

मग तो गुरुवार. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दादा पोती घेऊन आला. फाटकाशी तबेल्याच्या मालकीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर मुलांना घोड्यावर बसायला शिकवू पाहणारे चार-पाच आईबाप. बाई त्यांना तबेला दाखवत होत्या. मला बघून म्हणाल्या, “या आमच्या नाकवाल्या बाई. यांनी वास घेतल्याशिवाय इथे काडी आत जात नाही.” सगळे माझ्याकडे बघून हसले, कौतुकाने.

दादाने सहा पोती उतरवली. शेवटचं पोतं खाली ठेवताना त्याने त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ताई, यात जरा नाक घाल. काल अक्रोडाच्या फळ्या होत्या मशीनवर, एका दुकानाच्या काउंटरच्या. पोतं मी काढलं होतं असं मला वाटतंय. पण नक्की सांगता येत नाही.”

दादा मला लहानपणापासून ताई म्हणतो. चारचौघांत तो एवढं बोलला, हेच मला नवल वाटलं. पण त्यावर विचार करायला मी थांबले नाही. सगळे बघत होते. मी पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कीस वर काढला आणि नाकाशी धरला. काही नव्हतं. भिंत हुंगावी तसं. वरचा थर पांढराच दिसत होता, मधेमधे काही काप जरा काळसर होते. एक आई म्हणाली, “ते काळं काय आहे?”

“ओल लागलीय,” मी म्हणाले. “पाइन ओलं झालं की असंच दिसतं.” आणि दादाकडे बघून सांगितलं, “साफ आहे.”

दादा माझ्याकडे बघत राहिला. “नक्की?”

“नाक माझं आहे की तुझं?” मी म्हणाले. लोक पुन्हा हसले. दादाने मान हलवली आणि तो गेला.

अंधार पडल्यावर, दिवाही न लावता, ते पोतं मी मावशीच्या ठाणात ओतलं. तिला जाड अंथरूण लागायचं, म्हातारपणी हाडं टोचतात म्हणून. इतरांना जुन्यावर थोडं नवं, तिला सगळं नवं. मीच ओतलं, मीच दाताळ्याने पसरलं, कडेला उंच केलं. ती आत आली, गोल फिरली आणि फुर्रकन नाक वाजवलं. मी म्हणाले, “आवडलं का?” तिचं नाक शाबूत होतं. कदाचित ती मला सांगत असेल.

सकाळी साडेपाचला मी दार उघडलं तेव्हा मावशी मागे झुकून उभी होती, पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर. घामाने अंग भिजलेलं. मी हाक मारली तर कान हलवले, पाऊल उचललं नाही. खाली वाकून खुराला हात लावला. तवा. पायाच्या मागे बोट ठेवलं तर नाडी धाडधाड उडत होती. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, उगाच कशाला नाटक करू. उजेड पडत होता, आणि दारातून आलेल्या त्या उजेडात अंथरुणात तपकिरी काप पसरलेले दिसत होते. पोत्यातला वरचा थर तेवढा पांढरा होता, खाली सगळं अक्रोडाचं. आंधळ्यालाही दिसलं असतं, पण आंधळ्याने आधी चादर पसरली असती.

पुढचा तासभर मी जे करायचं ते केलं. घोडीला इंच इंच सरकवत बाहेरच्या वाळूत आणलं, पाय धुतले, नळ चालू ठेवून गार पाण्याची धार खुरांवर सोडली, सगळं अंथरूण उपसून बाहेर टाकलं. डॉक्टर आले. आमच्या घोड्यांचे हे डॉक्टर बोलायला खडूस, पण हात देवाचा. त्यांनी अंथरुणातला एक काप उचलला, नखाने खरवडला आणि मालकीणबाईंना म्हणाले, “काळा अक्रोड. कुणी घातला?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात दादा आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. कामाच्या कपड्यांत, अंगावर लाकडाची धूळ, तसाच. आणि मी, मी काय केलं? मी त्याच्या अंगावर धावून गेले. “बारा वर्षं तुझ्यावर विश्वास टाकला,” मी ओरडले. “अक्रोड घातलास तू! तुला पोतं बदलायला काय धाड भरली होती? बघ, बघ तिच्याकडे!” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात, हे मला तोंडातून शब्द निघत असतानाच समजत होतं, आणि तरी आवाज खाली येत नव्हता.

मालकीणबाई म्हणाल्या, “पण तुम्ही वास घेतला होता ना, माझ्यासमोर?”

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. मी तोंड उघडलं. माझ्याआधी दादा बोलला.

“वरवरचा घेतला तिने,” तो म्हणाला. “वर पाइनच होतं. खालचं तिला कसं कळणार? चूक माझी आहे, बाई.”

कोपरापर्यंत हात घातला होता मी. त्याने बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. पण माणसं जे ऐकतात तेच त्यांना नंतर आठवतं. बाई दादाला म्हणाल्या, “यापुढे तुमचं एक पोतं इथे येणार नाही. आणि इतर तबेल्यांनाही मी कळवणार.” दादा बरं म्हणाला. जाताना त्याने मावशीच्या मानेला लावायला हात पुढे केला, आणि मी, ऐका हे, मी म्हणाले, “हात लावू नकोस तिला.” त्याने हात मागे घेतला.

ठाणात वाळू टाकून तिला परत आत घेतलं आणि दोन दिवस आम्ही बर्फ घातला, औषधं दिली, खुरांखाली जाड मऊ पट्ट्या बांधल्या. मी घरी गेले नाही. मावशी खायची थांबली. पाणी मात्र माझ्या हातून प्यायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मशीन आणून खुराचे फोटो काढले आणि मला दाखवले. पांढरं हाड टोक खाली करून वाकलेलं, तळव्याला टेकलेलं. “अजून एक-दोन दिवसांत बाहेर येईल,” ते म्हणाले. “तोवर तिला उभं ठेवायचं का, तुम्ही सांगा.” बाई रडायला लागल्या. मी म्हणाले, “नको.”

तिला कुरणात न्यायचं होतं, झाडाखाली, पण ती चार पावलंही चालू शकली नसती. ठाणातच झालं सगळं, वाळूवर. मी तिचं डोकं धरून ठेवलं. खालचा ओठ माझ्या मनगटावर लोंबत होता, ओलसर. सुई गेल्यावर ती खाली बसली आणि मग आडवी झाली. आडवी होण्याआधी तिने एकदा मागे वळून बघितलं होतं. मला वाटलं, पाठीवर कुणी आहे का बघतेय.

संध्याकाळी मी घरी गेले. कारखाना बंद होता, पण आत दिवा होता. दादा जमिनीवर बसला होता. पुढ्यात त्याच्या बायकोचं जुनं पांढरं पातळ अंथरलेलं, आणि त्यावर बाईंनी परत पाठवलेल्या पोत्यांतला कीस. तो एकेक काप उचलून बघत होता. पाचही पोत्यांत काही नव्हतं, त्याने मला न विचारताच सांगितलं. एकाच पोत्यात गेलं होतं.

मी दारात उभी राहिले. चप्पलही काढली नाही. “दादा,” मी म्हणाले, “मला वास येत नाही. थंडीपासून.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“दूध जळालं त्या दिवसापासून.”

मी खाली बसले. त्याने आणखी दोन काप निवडले, दोन्ही पांढरे, आणि बाजूला ठेवले.

“मग मला का सांगितलंस?” मी विचारलं. “त्या पोत्यात नाक घाल म्हणून मला का सांगितलंस तू? तुला माहीत होतं ना?”

त्याने आणखी एक काप उचलला, बघितला, खाली ठेवला. मग म्हणाला, “मला वाटलं, घोड्यांच्या जिवाचा प्रश्न आला की तरी तू सांगशील. महिनोन्‌महिने वाट बघत होतो. आपणहून बोलायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, असं विचारलं की हिला सांगावंच लागेल.”

“एवढ्या लोकांसमोर?”

“तेच चुकलं,” तो म्हणाला. “लोक आहेत हे बघितलं होतं मी. पण शब्द तोंडात आले होते, मागे गेले नाहीत. आणि तू साफ म्हणालीस. इतक्या ठामपणे म्हणालीस, मला वाटलं, आला असेल परत. घरी येईपर्यंत आनंदात होतो मी, ताई. तुझ्या वहिनीला सांगितलंसुद्धा, ताईचं नाक परत आलं.”

वर वहिनीची पावलं वाजत होती. मी म्हणाले, “तू पोतं परत घेऊन जायचंस ना रे. नुसतं उचलून न्यायचंस.”

“हो,” तो म्हणाला. “न्यायला हवं होतं.”

आमच्या आईला वाटायचं, आमची दोघांची किती माया एकमेकांवर. होतीच. त्या मायेनेच एका घोडीचा जीव घेतला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता नवीन माणसाचा ट्रक आला. वीस पोती, कोऱ्या पिशव्यांत, वर घोड्याचं चित्र. मालकीणबाई स्वतः उतरून आल्या. डोळे सुजले होते त्यांचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आता फक्त तुमच्यावर भरवसा आहे. तुम्ही वास घेतल्याशिवाय यातलं एकही आत जाणार नाही. भावाचं असो नाहीतर आणखी कुणाचं.”

ट्रकवाल्याने पहिलं पोतं माझ्या पुढ्यात ठेवून त्याचं तोंड उघडलं. मी वाकले. सवयीने वाकले, खरं सांगते. चेहरा पोत्याच्या तोंडाशी गेला आणि मी डोळे मिटले. आत काही नव्हतं. माझ्या पाठीमागे अकरा घोडी होती, त्यातलं एक खुराने दार वाजवत होतं.

मी सरळ उभी राहिले. “बाई,” मी म्हणाले, “मला वास येत नाही. सहा महिने झाले.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. “मग मावशीचं पोतं?” त्या म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही वास घेतलात...”

“काहीच आलं नव्हतं.”

“तुम्ही साफ म्हणालात.”

“हो. आणि दादाने मला अक्रोड आहे का बघ म्हणून सांगितलं होतं. तुम्हीही होतात तिथे. वरवरचा नव्हता घेतला वास मी. त्याने माझ्या चुकीवर पांघरूण घातलं.”

ट्रकवाला उगाचच दोरीशी चाळा करत राहिला. बाईंनी हात पुढे केला, आणि मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत कमरेला त्याचा घट्टा पडलाय. त्या फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, “संध्याकाळी अकरा घोड्यांना अंथरूण लागेल. तेवढं करून जा.”

मी खोगिरांच्या खोलीत गेले. म्हाताऱ्याची चादर फळीवर होती तिथेच होती, घडीच्या रेघांवर धूळ बसलेली. बैल गेला नि झोपा केला, माहीत आहे मला. झटकली, अंगणात उन्हात पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. पहिलं पोतं तिच्यावर ओतलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक मूठ निवडायला लागले. मावशीच्या ठाणाचं दार उघडंच होतं, आत नुसती वाळू.

घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. पोत्याला अठरा मिनिटं लागली. साफ निघालं.